सौजन्य : अमुक सालची बॅच

कॉलेज सुटलं की पुढची वीस-पंचवीस वर्षं कॉलेजला आपली आठवण येत नाही, आणि आपल्याला कॉलेजची येते ती कॅनडाला जायचं ठरून ट्रान्सक्रिप्ट हवी असते तेव्हा. मग एक दिवस अनोळखी नंबरावरून मेसेज येतो : 'आदरणीय माजी विद्यार्थी, आपण आमच्या महाविद्यालयाचे भूषण आहात. कृपया सोबतच्या लिंकवर आपली माहिती भरावी.' ज्या खिडकीतून आयुष्यभर 'उद्या या' याखेरीज काही ऐकलं नाही, तिथून आलेलं हे 'आदरणीय' वाचून भोळा माणूस हळवा होतो. अनुभवी माणूस ओळखतो, की कॉलेजात नॅक येतंय.

नॅक म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन आणि प्रत्यायन परिषद. १९९४ साली स्थापन झालेली ही बंगळुरूची संस्था देशभरातल्या कॉलेजांना श्रेणी देत आली आहे. तिच्या मूल्यांकनाच्या पाचव्या निकषात एक पोटभाग माजी विद्यार्थ्यांचा आहे. तुमचा माजी विद्यार्थी संघ नोंदणीकृत आहे का, त्याने कॉलेजला काय दिलं, असे प्रश्न त्यात असतात. मिळालेली श्रेणी सर्वसाधारणपणे पाच वर्षं टिकते. माजी विद्यार्थ्यांवरचं प्रेमही साधारण तेवढ्याच अंतराने उफाळून येतं.

हे मी इतक्या ठामपणे सांगतो, कारण मी आमच्या संघाचा खजिनदार आहे. संघ नोंदवायला १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे किमान सात माणसं लागतात. बॅचमागून बॅच बाहेर पडून हजारोंनी पोरं या कॉलेजातून गेली, पण कागदावर सही करायला सात जण मिळवताना आमचे प्राचार्य रडकुंडीला आले. जे मोठे झाले ते पुण्या-मुंबईला गेले, जे फार मोठे झाले ते अमेरिकेला गेले. उरलो आम्ही : एक मेडिकलवाला, एक विमा एजंट, एक टाइल्सचा दुकानदार, दोन शिक्षक, एक वकील (वकिलाशिवाय महाराष्ट्रात कुठलाही संघ होत नाही) आणि बँकेतून निवृत्त झालेला मी. बँकवाला म्हणून खजिनदारपद माझ्या गळ्यात पडलं. नोकरीतली शेवटची वर्षं मी कर्जवसुलीत काढली आहेत हे कळल्यावर अध्यक्ष खूश होऊन म्हणाले, "मग तर वर्गणीचंही तूच बघ."

महाराष्ट्रात अशा संघाची नोंद १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडेही होते. पदाधिकारी बदलले की नव्वद दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो. हा नियम वकीलसाहेबांनी पहिल्याच सभेत समजावून सांगितला आणि सभेने सर्वानुमते ठरवलं की अध्यक्ष बदलायचेच नाहीत. लोकशाहीवर आमचा विश्वास आहे, पण अर्ज कोण टाइप करणार?

तर नॅकची पिअर टीम आली. टीमने इमारती पाहिल्या, कागद पाहिले आणि माजी विद्यार्थ्यांशी, पालकांशी संवाद साधला. आमच्याकडे स्थानिक उद्योजकांशीही संवाद ठेवला होता. आमचा टाइल्सवाला मित्र सकाळी माजी विद्यार्थी म्हणून बसला. त्याची मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, म्हणून दुपारी पालकांमध्ये बसला. त्याच्या दुकानात आमच्या कॉलेजचे दोन पदवीधर हिशेब लिहायला आहेत, म्हणून चहानंतर उद्योजकांमध्येही बसला. दर वेळी तो जाकीट बदलत होता, ही त्याची सावधगिरी. तिसऱ्या बैठकीत टीमच्या उत्तरेकडच्या अध्यक्षांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "आप तो सुबह भी थे?" आमचा मित्र शांतपणे म्हणाला, "सर, सुबे को मैं विद्यार्थी था, अब्बी मालिक है." यात एक अक्षर खोटं नव्हतं. अध्यक्षांनी ते लिहूनही घेतलं. विद्यार्थ्यांची प्रगती या सदरात धरलं असावं, असा आमचा कयास आहे.

नॅक नसलेल्या वर्षांत माजी विद्यार्थी कॉलेजात येतात ते स्नेहमेळाव्याला. याची सुरुवात व्हॉट्सअॅप ग्रूपपासून होते. आधी सुप्रभात, मग गुडघेदुखीवरचे उपाय, मग कुणीतरी म्हणतो, 'एकदा सगळ्यांनी भेटूया रे', आणि पुढचे तीन महिने टी-शर्टच्या रंगावर वाद होतो. रंग शेवटी निळा ठरतो. मापाच्या बाबतीत मात्र कुणीही खरं बोलत नाही, त्यामुळे मेळाव्याच्या दिवशी अर्धी बॅच श्वास रोखून फोटोत उभी असते.

आमच्या मेळाव्यात खरी अडचण आली ती मुलींना शोधण्याची. कॉलेजच्या रजिस्टरात त्यांची माहेरची आडनावं. लग्नानंतर आडनाव बदललं, कित्येकींचं तर पहिलं नावही सासरी बदललं. कार्यकारिणीने शोध समिती नेमली. समितीने दोन सभा घेतल्या, चहाचं बिल लावलं आणि 'संपर्क होऊ शकत नाही' असा अहवाल दिला. मग बॅचमधल्या एका निवृत्त मुख्याध्यापिकेने फोन हातात घेतला. कुणाच्या नणंदेची जाऊ, कुणाच्या वहिनीची मावसबहीण, असं करत एका दुपारीत तिने जवळजवळ सगळ्या जणी गोळा केल्या; कुणाची कुठली शस्त्रक्रिया झाली आहे, ही माहिती वर. नॅकने माजी विद्यार्थ्यांचा डेटाबेस मागितला की आम्ही आता तिचा फोन नंबर देतो.

मेळाव्यात गुरुजनांचा सत्कार असतो. शाल, श्रीफळ आणि प्रत्येकाचं एकच भाषण : 'आज मी जो काही आहे तो सरांमुळे.' आमच्या फिजिक्सच्या सरांनी हे वाक्य ओळीने सगळ्यांकडून ऐकलं. सरांनी ऐंशी ओलांडली आहे, कान तेज आहेत. शेवटी माइक त्यांच्याकडे गेला तेव्हा ते उभे राहिले, म्हणाले, "मघापासून जो तो म्हणतोय की माझ्यामुळे घडला. हा आरोप मला मान्य नाही," आणि खाली बसले. त्या दिवसाचं सर्वांत चांगलं भाषण तेच होतं.

मेळावा झाला की उरलेल्या वर्गणीचं काय करायचं हा प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर कॉलेजच्या व्हरांड्यात रांगेने उभं आहे. तिथे पाण्याचे चार कूलर आहेत. प्रत्येकावर पितळी पाटी : 'सौजन्य : अमुक सालची बॅच.' एका पाटीवर देणगीदारांची नावं, गावं आणि हुद्दे इतके दाटीने कोरले आहेत, की मुलं तहान विसरून वाचत उभी राहतात. ते बरंच आहे, कारण चारांपैकी एकाही कूलरला गार पाणी येत नाही. एकाचा फिल्टर संपलाय, एकाचा कॉम्प्रेसर गेलाय, एकाच्या तिन्ही तोट्या कुणीतरी नेल्या, आणि चौथ्याला वीजजोडच कधी दिला नव्हता. उद्घाटनाच्या दिवशी आत बर्फ टाकून थंड पाणी काढलं होतं. मुलं पाणी पितात शिपाईमामांच्या माठातलं. माठावर पाटी नाही.

कूलरच का, असं मी पुष्कळांना विचारलं. कुणाला नीट सांगता आलं नाही, पण मला वाटतं कूलरचा पुढचा पत्रा सपाट असतो आणि तिथे पाटी छान बसते, हेच खरं कारण. पंख्यावर नाव घातलं तर तो फिरताना वाचता येत नाही. पुस्तकांवर शिक्का मारला तरी उघडतो कोण? एका सभेत मी सुचवलं, की पाचवा कूलर घेण्याऐवजी आपण या चारांच्या वार्षिक देखभालीचा करार करू, पैसेही कमी लागतील. सभा गप्प झाली. बऱ्याच वेळाने विमा एजंटाने अगदी प्रामाणिकपणे विचारलं, "पण मग पाटी कशाला लावायची?"

मोठ्या संस्थांतली गोष्ट वेगळी. इन्फोसिसचे नंदन निलेकणी १९७३ साली मुंबईच्या आयआयटीत इलेक्ट्रिकल शिकायला दाखल झाले, आणि या नात्याला पन्नास वर्षं झाली म्हणून २०२३ साली त्यांनी संस्थेला ३१५ कोटी रुपये दिले. त्याआधी ८५ कोटी दिले होतेच. त्याच वर्षी तिथल्या १९९८च्या बॅचने रौप्यमहोत्सवानिमित्त ५७ कोटी जमवले. आमच्या बॅचनेही रौप्यमहोत्सवाला रक्कम जमवली होती, आकडा सांगत नाही. मंडपवाल्याचं देणं भागलं. पण मला थक्क केलं ते त्याच वर्षीच्या आणखी एका बातमीने. आयआयटीच्या एका माजी विद्यार्थ्याने हरित ऊर्जेवरच्या संशोधन केंद्रासाठी १६० कोटी रुपये दिले आणि नाव जाहीर करू नका म्हणून सांगितलं. ही बातमी मी ग्रूपवर टाकली. पहिली प्रतिक्रिया आली, 'कोण असेल रे?' दुसरी, 'घरी तरी सांगितलं असेल का?' तिसरी नेहमीप्रमाणे गुडघेदुखीची. पाटीशिवाय एवढी रक्कम जाऊ शकते यावर आमच्या कार्यकारिणीतला एकही माणूस विश्वास ठेवायला तयार नाही.

बरं, आमच्याही बॅचचा एक जण न्यू जर्सीत आहे. दर मेळाव्याला त्याचा व्हिडिओ कॉल मोठ्या पडद्यावर लावतात, त्यात तो गोठल्यासारखा दिसतो आणि 'ऐकू येतंय का' एवढंच ऐकू येतं. एकदा तो म्हणाला, "पाचशे डॉलर पाठवतो, गरीब मुलांना द्या." मला भरून आलं. मग वकीलसाहेबांनी विचारलं, "पासपोर्ट कुठला?" तो आता अमेरिकेचा नागरिक. म्हणजे त्याने दिलेले पैसे ही कायद्याने परकीय देणगी, आणि ती घ्यायची तर संघाला विदेशी योगदान नियमन कायद्याखाली परवानगी हवी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खास खातं हवं. तो भारतीय पासपोर्टवर असता तर नेहमीच्या बँकेतून पाठवलेले पैसे चालले असते. ज्याने आमच्याबरोबर एकाच ताटलीतली मिसळ खाल्ली तो परकीय ठरला. त्याला हे कळवल्यावर तो म्हणाला, "मग मी आईला सांगतो." त्याच्या आईने, वय वर्षं अठ्ठ्याऐंशी, पेन्शनीतून पाच हजारांचा चेक पाठवला. पावती कुणाच्या नावाने करू, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "पावती कसली? परीक्षेची फी भरा कुणाची तरी."

आता डेक्कन कॉलेजचं सांगतो, कारण माजी विद्यार्थी काय करू शकतात याचा याहून मोठा दाखला आपल्याकडे मला माहीत नाही. पुण्यातलं हे कॉलेज १८२१ साली विश्रामबागवाड्यात हिंदू कॉलेज म्हणून सुरू झालं, पुढे डेक्कन कॉलेज झालं आणि येरवड्याला गेलं. टिळक आणि आगरकर या दोघांची गाठ पडली ती याच कॉलेजात. १९३४ साली सरकारने कॉलेज बंद केलं. तेव्हा माजी विद्यार्थी ग्रूपवर रडके चेहरे टाकत बसले नाहीत. ते कोर्टात गेले. सरकारशी भांडून त्यांनी आपलं कॉलेज परत मिळवलं आणि १९३९ साली ते संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं. पुरातत्त्व आणि भाषाशास्त्र या विषयांत आज तिचं नाव देशाबाहेरही आहे. ही गोष्ट मी आमच्या सभेत सांगितली तेव्हा वकीलसाहेब ताठ बसले. आपल्या कॉलेजबद्दल कोर्टात जाण्यासारखं काही आहे का, याचा त्यांनी बराच विचार केला. सायकलस्टँडचा ठेका एवढंच सापडलं.

पैसे नसतील तर ज्ञान द्या, असं प्राचार्य म्हणतात. म्हणजे 'यशस्वी माजी विद्यार्थी आपल्या भेटीला' हा कार्यक्रम. एनएसएसची मुलं हजेरीच्या बोलीवर सभागृहात बसवलेली असतात. पाहुणा सुरुवात करतो, "मी तुमच्यासारखाच त्या शेवटच्या बाकावर बसायचो, लेक्चर बुडवून पिक्चरला जायचो, दोनदा एटीकेटी लागली, आणि आज बघा!" मुलं टाळ्या वाजवतात, प्राचार्य पाण्याचा ग्लास उचलतात. मग प्रश्नोत्तरं. आभाराआधी कुणीतरी धीर करून विचारतो, "सर, पॅकेज किती?" त्यावर पाहुणा कष्ट, चिकाटी आणि आईवडिलांचे आशीर्वाद यांविषयी बोलतो. मुलं समजायचं ते समजतात.

एकीने मात्र असं केलं नाही. ती आमच्यापेक्षा खूप नंतरची, केमिस्ट्रीची. शेजारच्या एमआयडीसीत एका कंपनीत गुणवत्ता तपासणीचं बघते. भाषण जमणार नाही, मुलांना इकडे पाठवा, म्हणाली. मी खजिनदार या नात्याने बसभाडं द्यायला बरोबर गेलो. प्रयोगशाळेत तिने एका मुलाच्या हातात ब्युरेट दिलं आणि टायट्रेशन करायला सांगितलं. कॉलेजात हजारदा केलेलंच. मुलाने तोटी फिरवली, द्रावण गुलाबी झालं, जास्तच गुलाबी झालं. सवयीने तो शेजारच्या मित्राकडे वळला, त्याचं रीडिंग काय आलं ते बघायला. ती म्हणाली, "इथे रीडिंग जुळवायचं नसतं. बाहेर बघ." खिडकीबाहेर रसायनाचा एक टँकर उभा होता. ड्रायव्हर सावलीत विडी ओढत होता. "तू आकडा सांगितलास की तो टँकर आत येणार नाहीतर परत गुजरातला जाणार. सांग." मुलाने पुन्हा केलं. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा तो तोटीवर इतका वाकला होता की थेंब पडताना त्याचा श्वास ऐकू येत होता. परतीच्या बसमध्ये एरवी गाणी म्हणतात ती मुलं दोन थेंबांचा फरक का पडला यावर भांडत होती. त्या बाईंचा सत्कार करायचा राहून गेला, म्हणजे शाल आणली होती, ती माझ्याच पिशवीत राहिली. त्यांनाही आठवण झाली नाही.

माजी विद्यार्थ्यांना कायद्यानेही जागा दिल्या आहेत, हे बहुतेकांना माहीत नसतं. महाराष्ट्राच्या २०१६च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे प्रत्येक कॉलेजच्या विकास समितीत किमान एक माजी विद्यार्थी असावा लागतो. संस्थाचालकांचे भाचेही माजी विद्यार्थीच असतात, त्यामुळे कायदा सहसा पाळला जातो. विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा सदस्य असतात. विधान परिषदेत पदवीधरांच्या सात जागा आहेत, आणि तिथली मतदारयादी दर वेळी नव्याने होते. म्हणून निवडणूक आली की उमेदवाराचे कार्यकर्ते अर्ज क्रमांक अठरा घेऊन दारात येतात आणि पदवी प्रमाणपत्राची झेरॉक्स मागतात. मग आपण आईच्या कपाटात, पैठणीखालच्या प्लास्टिकच्या पिशवीत पदवी शोधतो. पदवी सापडते, तिच्याबरोबर जुनी रेशनकार्डं सापडतात, आणि पदवीचा नोकरीखेरीजही काहीतरी उपयोग आहे असं त्या दिवशी वाटतं.

संघाचं जे काम मला खरोखर आवडतं त्याचा उल्लेख कुठल्याही अहवालात ठळक नाही. न्यू जर्सीवाल्याच्या आईच्या त्या चेकपासून ते सुरू झालं. कॉलेजातल्या एक लेखनिक बाई, त्याही इथल्याच माजी विद्यार्थिनी, मला हळूच सांगतात : अमक्याचं मेसचं बिल थकलंय, अमकीचा एसटीचा पास संपलाय आणि ती दोन दिवस आली नाही, एकाची परीक्षा फी राहिलीय आणि उद्या शेवटची तारीख आहे. मी जाऊन भरतो. रक्कम हजाराच्या घरातली, कधी त्याहून कमी. पाटी लावायचा प्रश्न येत नाही, कारण मेसच्या पोळीवर ती लावता येत नाही आणि त्या पोरालाही ती नको असते. कार्यकारिणीने या खर्चाला 'संकीर्ण' असं नाव दिलं आहे. नोकरीतली शेवटची वर्षं लोकांच्या दारात जाऊन पैसे परत मागितलेल्या माणसाला परत न मागण्याचे पैसे देताना काय वाटतं, ते ज्याचं त्याला कळेल.

तेव्हा वाचकहो, तुमच्या कॉलेजचा फोन आला तर उचला. नॅकसाठी असेल, असू दे, फॉर्म भरून टाका. दोन मिनिटांचं काम आहे. मेळाव्याला जा, टी-शर्टचं माप खरं सांगा. कूलर देऊ नका. भाषण द्यायचंच असेल तर पॅकेज सांगायची तयारी ठेवा. आणि दरवर्षी जमेल तेवढी रक्कम आपापल्या कॉलेजच्या संघाच्या खात्यावर टाका, 'संकीर्ण'साठी. फक्त पैसे पाठवताना शेऱ्याच्या रकान्यात आपलं नाव तेवढं लिहा. गेल्या मार्चमध्ये आमच्या खात्यावर कुणीतरी दोन हजार रुपये पाठवले आणि शेऱ्यात 'वडापाव' असं लिहिलं. त्यातून एका मुलीची परीक्षा फी भरली, ती पासही झाली. पण देणगीदाराचं नाव वडापाव असं लिहायला आमचा ऑडिटर तयार नाही.